वाचनगृहाला नियम देणारा निर्वासित

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील वर्तुळाकार वाचनगृहाची कीर्ती जगभर पसरली ती तेथे बसून लिहिणाऱ्यांमुळे. कार्ल मार्क्स यांनी भांडवलशाहीची चिकित्सा तेथील ग्रंथांच्या आधारे केली, लेनिन यांनी १९०२ मध्ये बनावट नावाने तेथील प्रवेशपत्र मिळविले आणि १९२० नंतरच्या लंडनमधील वास्तव्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत तेथे टिपणे काढत बसत. मराठी वाचकाला हे वाचनगृह परिचित आहे ते बहुधा बाबासाहेबांच्या चरित्रामुळेच. मात्र परदेशातून आलेल्या, हाती फारसा पैसा नसलेल्या विद्यार्थ्याला त्या वास्तूत एखाद्या उमरावाइतक्याच हक्काने खुर्ची, टेबल आणि ग्रंथ मिळावेत, ही व्यवस्था आपोआप निर्माण झालेली नव्हती. एका माणसाने अनेकांचा रोष पत्करून ती उभी केली. हा माणूस इंग्रजही नव्हता. मायदेशात फाशीची शिक्षा झालेला तो एक इटालियन निर्वासित होता. त्याचे नाव अँटोनियो पानिझ्झी.

पानिझ्झी यांचा जन्म १६ सप्टेंबर १७९७ रोजी पो नदीकाठच्या ब्रेशेल्लो या गावी झाला. नेपोलियनच्या पाडावानंतर हा मुलूख पुन्हा मोडेनाच्या ड्यूककडे गेला. पार्मा विद्यापीठातून १८१८ मध्ये कायद्याची पदवी घेऊन पानिझ्झी गावी परतले. वकिली बरी चालू लागली, शाळा तपासनिसाचे पदही मिळाले. परंतु इटलीची अनेक संस्थानांत झालेली शकले आणि त्यांवर असलेला ऑस्ट्रियाचा वरचष्मा त्या पिढीतील तरुणांना सलत होता. कार्बोनारी या गुप्त संघटनेशी पानिझ्झी यांचा संबंध आला तो याच काळात. १८२२ मध्ये ड्यूकने रुबिएरा येथे खास न्यायासन बसविले आणि संशयितांची धरपकड सुरू झाली. जुझेप्पे आंद्रेओली या धर्मगुरूचा तेथे शिरच्छेद करण्यात आला. आपल्याही अटकेची वेळ आल्याचे कळताच पानिझ्झी यांनी सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंड गाठले.

तेथे त्यांनी काय लिहिले, हे पाहण्याजोगे आहे. ड्यूकविरुद्ध जळजळीत पत्रक काढण्याऐवजी त्यांनी रुबिएराच्या खटल्यांची कायदेशीर चिरफाड करणारे पुस्तक लिहिले. न्यायासन कोणत्या अधिकाराने नेमले, जबान्या कशा घेतल्या, शिक्षा कोणत्या आधारावर ठोठावल्या, याचा हिशेब त्यात मांडला होता. नियम धाब्यावर बसविणाऱ्या सत्तेविषयीचा त्यांचा संताप हा वकिलाचा संताप होता, आणि तो पुढे आयुष्यभर टिकला. मोडेनाच्या सरकारने १८२३ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना देहदंडाची शिक्षा सुनावली आणि त्यांच्या प्रतिमेला फाशी देऊन तिची औपचारिक अंमलबजावणीही केली. एवढ्यावर न थांबता खटल्याच्या व फाशीच्या खर्चाचे सुमारे सव्वादोनशे फ्रँकांचे बिल त्यांच्याकडे इंग्लंडला धाडले. पानिझ्झी यांनी उत्तर दिले ते परलोकातून, मृताच्या आत्म्याच्या सहीने! त्यांच्या कठोर स्वभावाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. ही मिश्कील बाजू मात्र सहसा विसरली जाते.

स्वित्झर्लंडमधूनही हद्दपार झाल्यावर मे १८२३ मध्ये ते लंडनला पोहोचले. जवळ पैसे नव्हते आणि इंग्रजीही येत नव्हते. तेथे आधीच निर्वासित म्हणून राहत असलेले कवी उगो फोस्कोलो यांनी लिव्हरपूलच्या विल्यम रॉस्को यांच्या नावे शिफारसपत्र दिले. लिव्हरपूलमध्ये पाच वर्षे पानिझ्झी यांनी व्यापाऱ्यांच्या मुलांना इटालियन शिकवून गुजराण केली. याच शहरात त्यांचा लॉर्ड ब्रूम यांच्याशी स्नेह जडला आणि त्या स्नेहाने त्यांचे नशीब पालटले. १८२८ मध्ये नव्या लंडन विद्यापीठात ते इटालियनचे प्राध्यापक झाले. पण विद्यार्थी मोजकेच असल्याने उत्पन्नही मोजकेच होते. १८३१ मध्ये ब्रूम यांच्याच खटपटीने ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात त्यांना जादा साहाय्यक म्हणून जागा मिळाली. वशिल्याला आयुष्यभर विरोध करणाऱ्या या माणसाचा संस्थेतील प्रवेश वशिल्यानेच झाला, हे त्यांच्या विरोधकांनी कधी विसरू दिले नाही आणि त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते.

त्या काळचे म्युझियमचे ग्रंथालय राष्ट्रीय म्हणवत असले, तरी विद्वान आणि सरदार मंडळींच्या खासगी दिवाणखान्याची कळा त्याला होती. वाचनाच्या खोल्या कोंदट आणि गर्दीच्या. तेथील हवेमुळे होणाऱ्या डोकेदुखीला वाचकांनी म्युझियमचेच नाव दिले होते. कोणते पुस्तक आहे आणि कोणते नाही, हे कळायला सूची धड नव्हती. अधिकाऱ्यांशी ओळख असेल त्याचे काम लवकर होई. ब्रिटिश संसदेने १८३६ मध्ये म्युझियमच्या कारभाराची चौकशी केली, तेव्हा युरोपातील ग्रंथालये पाहून आलेल्या पानिझ्झी यांनी समितीपुढे साक्ष दिली. देशातील गरिबातल्या गरीब विद्यार्थ्यालाही ग्रंथांच्या बाबतीत सर्वांत श्रीमंत माणसाइतकीच साधने मिळाली पाहिजेत आणि ती पुरविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. आज हे मत सर्वमान्य वाटते. इंग्लंडमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाच झाला नव्हता, त्या काळी ते धाडसाचे होते.

पुढच्याच वर्षी ते मुद्रित ग्रंथ विभागाचे प्रमुख झाले. दान्तेचे इंग्रजी भाषांतरकार हेन्री कॅरी हे ज्येष्ठ सहकारी असतानाही ही नेमणूक झाली, म्हणून कॅरी यांनी राजीनामा दिला. एका परकीयाला इंग्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथसंग्रहाच्या किल्ल्या दिल्या म्हणून वृत्तपत्रांनीही गहजब केला. वास्तविक पानिझ्झी १८३२ मध्येच ब्रिटिश नागरिक झाले होते. पण टीकाकारांच्या लेखी ते अखेरपर्यंत परकेच राहिले.

विभाग हाती येताच त्यांनी नियमांकडे लक्ष वळविले. प्रवेशाला शुल्क नव्हते; मात्र जबाबदार व्यक्तीचे लेखी शिफारसपत्र आणून प्रवेशपत्र घ्यावे लागे आणि मुदत संपली की त्याचे नूतनीकरण करावे लागे. ग्रंथ इमारतीबाहेर नेण्याची मुभा कोणालाही नव्हती. ग्रंथावर कागद ठेवून लिहू नये, परवानगीवाचून चित्रावर कागद ठेवून ते गिरवू नये, शांतता पाळावी, हे दंडक होतेच. सर्वांत वादग्रस्त ठरली ती मागणीची चिठ्ठी. वाचकाने स्वतः सूची पाहावी, ग्रंथाचे नाव, आवृत्तीचे स्थळ व वर्ष आणि फडताळावरील त्याचा क्रमांक छापील चिठ्ठीवर लिहावा व खाली सही करावी, असे पानिझ्झी यांनी ठरवून दिले. ग्रंथ मिळाला की चिठ्ठी कर्मचाऱ्याकडे राही. ग्रंथ परत करून वाचकाने ती मागून घेतली नाही, तर ग्रंथाची जबाबदारी त्याच्यावरच. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या ग्रंथालयात पुस्तकासाठी चिठ्ठी भरलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण चार वाक्यांत वर्णन करावे आणि सेवकाने ग्रंथ शोधून आणावा, या रिवाजाला सरावलेल्या विद्वानांना हा अपमान वाटला. सर निकोलस हॅरिस निकोलस हे इतिहाससंशोधक तर त्यापायी जाहीर वादात उतरले. पानिझ्झी यांनी त्यांना बारीकसारीक तपशिलांसह उत्तर दिले. नियम मोडायचा नाही आणि आरोप अनुत्तरित ठेवायचा नाही, अशी त्यांची रीत होती.

टॉमस कार्लाइल यांच्याशी झालेला संघर्ष अधिक गाजला. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहीत असताना त्या काळातील हजारो पत्रकांचा म्युझियममधील संग्रह कार्लाइल यांना हवा होता. त्याची सूची नीट झालेली नव्हती. वाचनखोलीतील गर्दी आणि आवाज त्यांना असह्य होई. पुस्तके चाळायला शिडीच्या पायरीवर बसावे लागते, ही त्यांची तक्रार तर साहित्यवर्तुळात सर्वतोमुखी झाली. आपल्यासारख्या लेखकाला आतल्या भागात मोकळीक मिळावी, ही त्यांची अपेक्षा पानिझ्झी यांनी मान्य केली नाही. कार्लाइल यांनी लेखणीने सूड घेतला आणि आणखी एक विधायक कामही केले. १८४१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने वर्गणीदारांना ग्रंथ घरी नेऊ देणारी लंडन लायब्ररी सुरू झाली. पुढे प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे चरित्र लिहितानाही त्यांनी म्युझियममध्ये वेगळी खोली मागितली आणि पुन्हा नकार ऐकला. कार्लाइल यांची अडचण खरी होती, हे मान्य करावे लागते. सूची नसलेल्या संग्रहात संशोधकाने काय करायचे, याला पानिझ्झी यांच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. पण एका कार्लाइलला खोली दिली की दुसऱ्या दिवशी दहा अर्ज येतात आणि त्यांतून निवड करायची ती नावाकडे पाहूनच, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

सूचीचा प्रश्न त्यांनी अधिक मुळापासून हाती घेतला. लाखो ग्रंथांची सूची अनेक हातांनी करायची, तर प्रत्येकाने एकाच पद्धतीने नोंद केली पाहिजे. वोल्तेअरची पुस्तके कोणी त्या नावाखाली लावली आणि कोणी आरुए या मूळ आडनावाखाली, तर वाचकाला निम्मी सापडणारच नाहीत. ज्यांवर लेखकाचे नाव नाही अशा ग्रंथांचे काय करायचे? एकाच ग्रंथाच्या वीस आवृत्त्या असतील तर त्यांचा क्रम कोणता? विंटर जोन्स, टॉमस वॉट्स, जॉन पॅरी आणि एडवर्ड एडवर्ड्स या सहकाऱ्यांसह पानिझ्झी यांनी यावर दीर्घ खल केला आणि त्यातून एक्क्याण्णव नियमांची संहिता तयार झाली. ती १८४१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या शतकातील ग्रंथसूचीच्या बहुतेक संहितांचे मूळ तिच्यात शोधता येते.

विश्वस्तांना मात्र नियमांपेक्षा छापील सूची हवी होती. त्यांच्या आग्रहावरून अ या आद्याक्षराचा खंड १८४१ मध्येच छापला गेला. सर्व संग्रहाच्या नोंदी झाल्याखेरीज पहिल्या अक्षराचाही खंड पूर्ण होऊ शकत नाही, हे पानिझ्झी सांगत होते आणि त्या अपुऱ्या खंडाने ते सिद्ध केले. छपाई तेथेच थांबली. दिरंगाईची ओरड वाढत गेली आणि १८४७ मध्ये राजाज्ञेने चौकशी आयोग बसला. आयोगाचे सचिव जॉन पेन कॉलियर हे शेक्सपिअरचे अभ्यासक. सूची इतकी अवघड करण्याची गरजच नाही, असे त्यांचे ठाम मत होते. ते पटवून देण्यासाठी त्यांनी स्वतःच्या संग्रहातील पंचवीस पुस्तकांच्या नोंदी सुमारे तासाभरात करून दाखविल्या. पानिझ्झी यांनी त्या जोन्स यांच्याकडे तपासायला दिल्या. सूचीकाराच्या हातून होऊ शकणाऱ्या जवळजवळ सर्व प्रकारच्या चुका त्या पंचवीस नोंदींत सापडल्या! (याच कॉलियर यांच्यावर पुढे शेक्सपिअरविषयक बनावट पुरावे तयार केल्याचा ठपका आला.) आयोगाने १८५० मध्ये पानिझ्झी यांच्या बाजूने कौल दिला. संपूर्ण छापील सूची पूर्ण व्हायला मात्र विसाव्या शतकाचा उंबरठा उजाडला. वाचकांनी जी वाट पाहिली, तिची किंमतही हिशेबात धरायला हवी.

ग्रंथ वाढविण्यातही ते असेच हट्टी होते. सरकारकडून त्यांनी खरेदीसाठी भरीव वार्षिक अनुदान मिळविले. टॉमस ग्रेनव्हिल या वृद्ध संग्राहकाशी त्यांनी मैत्री जोडली. आपला संग्रह सरकारी पदाच्या पैशांतून झाला, तो जनतेलाच परत जावा, असे वाटून ग्रेनव्हिल यांनी वीस हजारांहून अधिक मौल्यवान ग्रंथ म्युझियमला दिले. देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत म्युझियमला देण्याचे कायदेशीर बंधन प्रकाशक सर्रास टाळत असत. पानिझ्झी यांनी अधिकारपत्र मिळवून थेट प्रकाशकांवर खटले भरले. ते विभागप्रमुख झाले तेव्हा सुमारे दोन लाख पस्तीस हजार असलेली ग्रंथसंख्या त्यांच्या कारकिर्दीत पाच लाख चाळीस हजारांवर गेली.

साहजिकच जागा पुरेना. म्युझियमच्या चार भिंतींच्या मधोमध एक मोठे मोकळे अंगण वापराविना पडून होते. १८ एप्रिल १८५२ रोजी पानिझ्झी यांनी त्या अंगणात बसणाऱ्या वर्तुळाकार वाचनगृहाचे कच्चे रेखाटन स्वतः केले. सिडनी स्मर्क या वास्तुविशारदाने त्याला रूप दिले. १८५४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि २ मे १८५७ रोजी वाचनगृहाचे उद्घाटन झाले. लोखंडी सांगाड्यावरील घुमटाचा व्यास १४० फूट, म्हणजे रोमच्या पँथिऑनपेक्षा जेमतेम दोन फुटांनी कमी. खर्च दीड लाख पौंड. जनतेला ते काही दिवस पाहण्यासाठी खुले ठेवले, तेव्हा बासष्ट हजार लोक येऊन गेले.

भव्यतेपेक्षा मोलाचा आहे तो बैठकीचा विचार. मध्यभागी उंचावर अधीक्षकाची जागा, तिच्याभोवती सूचीच्या खंडांची वर्तुळे आणि तेथून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या टेबलांच्या रांगा. तीनशेदोन वाचकांची सोय होती. समोरच्याचा चेहरा दिसू नये म्हणून टेबलाला मधोमध उंच फळी होती. प्रत्येकाला दौत, लेखणीची खाच आणि पुस्तक उघडे ठेवण्यासाठी घडीची फळी मिळे. हिवाळ्यात पायाशी ऊब राहील अशी नळ्यांची योजनाही होती. भिंतीलगतचे सुमारे वीस हजार संदर्भग्रंथ चिठ्ठी न भरता हाताळता येत. चिठ्ठीच्या नियमाबद्दल इतका अट्टहास करणाऱ्या माणसाने जेथे नियमाची गरज नाही तेथे तो ठेवला नाही, हे त्यांच्या टीकाकारांच्या लक्षात आले नसावे. शिडीवर बसायची वेळ आता कोणावर येणार नव्हती. या वाचनगृहातील अखेरचे वाचक १९९७ मध्ये उठले आणि ग्रंथ सेंट पँक्रस येथील ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत गेले. तोवर एकशेचाळीस वर्षे ही बैठक मुख्यतः तशीच राहिली.

या समतेला एक मर्यादा होती. आगीच्या भीतीने वाचनगृहात गॅसचे दिवे लावू देत नसत. त्यामुळे अंधार पडला की दार बंद. हिवाळ्यात लंडनचे धुके दाटले तर भर दिवसाही वाचन थांबे. दिवसभर कारखान्यात किंवा कचेरीत राबणाऱ्याला प्रवेशपत्र मिळूनही उपयोग नव्हता. पुढे गर्दीच्या कारणाने किमान वय अठरावरून एकवीसवर नेण्यात आले, तेव्हा शिकणारी मुलेही बाहेर राहिली. या माणसांसाठी गावोगावी करातून चालणारी मोफत ग्रंथालये हवीत, यासाठी झटणारा माणूस पानिझ्झी यांच्याच हाताखाली होता. गवंड्याचा मुलगा असलेल्या एडवर्ड एडवर्ड्स यांनी जमविलेल्या माहितीचा विल्यम इवर्ट यांना संसदेत मोठा आधार झाला आणि १८५० मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याच वर्षी एडवर्ड्स यांना म्युझियममधून काढून टाकण्यात आले. दोघांचे पटत नव्हते आणि एडवर्ड्स यांचा स्वभावही सरळ नव्हता, हे खरे. तरीही पानिझ्झी यांच्या चरित्रातील हे पान सुखद नाही. एडवर्ड्स पुढे मँचेस्टरच्या मोफत ग्रंथालयाचे पहिले ग्रंथपाल झाले.

पानिझ्झी १८५६ मध्ये संपूर्ण म्युझियमचे प्रमुख झाले. हस्तलिखित विभागाचे सर फ्रेडरिक मॅडन त्यांचे शेजारी आणि हाडवैरी. त्यांच्या दैनंदिनीत पानिझ्झींविषयीचा विखार पानोपानी आढळतो. सहकाऱ्यांशी ते हुकूमशहासारखे वागत, ही तक्रार मॅडन यांच्यापुरती मर्यादित नव्हती. दुसरीकडे मायदेशाचा लढा त्यांनी कधी सोडला नाही. नेपल्सच्या राजाने तुरुंगात डांबलेल्या लुइजी सेत्तेम्ब्रिनी आदी देशभक्तांना सोडविण्यासाठी १८५५ मध्ये त्यांनी पैसे जमवून एक आगबोट मिळविली. ती इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ वादळात बुडाली. ग्लॅडस्टन आणि पामर्स्टन यांच्यासारख्यांशी असलेले संबंध त्यांनी इटलीसाठी पुरेपूर वापरले. १८६४ मध्ये गॅरिबाल्डी लंडनला आले, तेव्हा पानिझ्झी त्यांना फोस्कोलो यांच्या थडग्यापाशी घेऊन गेले. ज्या मोडेनाने त्यांच्या प्रतिमेला फाशी दिली होती ते संस्थान तोवर नकाशावरून पुसले गेले होते, आणि १८६८ मध्ये एकसंध इटलीच्या राजाने त्यांना सिनेटचे सदस्य नेमले.

प्रकृती ढासळल्यामुळे १८६६ मध्ये ते निवृत्त झाले. १८६९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ते अविवाहित होते. अखेरची वर्षे त्यांनी म्युझियमपासून जवळच ब्लूम्सबरीत काढली. ८ एप्रिल १८७९ रोजी त्यांचे निधन झाले आणि केन्सल ग्रीन येथील कॅथलिक दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून वाचनगृहाच्या घुमटाखाली विजेचे दिवे लागू लागले आणि हिवाळ्यातही अंधार पडल्यानंतर वाचकांना आपल्या जागी बसून राहता येऊ लागले.